बंडूचा औषधोपचार

कुत्र्याला गोळी देणे ज्याला सोपे वाटते, त्याने एकतर कुत्रा पाळलेला नसतो, किंवा दिलेली गोळी कुत्र्याच्या पोटात गेली की नाही हे नंतर तपासून पाहिलेले नसते. आमच्या घरात हा प्रसंग आधी दर तीन महिन्यांनी, जंताच्या गोळीच्या निमित्ताने यायचा. बंडूच्या उतारवयात त्याच्या हृदयाचे औषध सुरू झाले आणि तो सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. बंडू जाऊन आता बराच काळ लोटला आहे. त्याचा विषय निघाला की लोक त्याच्या इमानदारीबद्दल विचारतात आणि आम्हीही मान डोलावतो, पण आम्हा घरच्यांना तो मुख्यतः आठवतो तो पेशंट म्हणून, आणि पेशंट म्हणून तो कमालीचा बेइमान होता.

"लोण्यात घालून द्या, त्याला कळणारही नाही," असे पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. वास्तविक माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या घरात असतात आणि कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, त्या 30 कोटींपर्यंत असू शकतात, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार. चवीच्या बाबतीत मात्र कुत्रा आपल्यापुढे अगदीच सामान्य असतो. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या 9,000 च्या आसपास, तर त्याच्या जिभेवर जेमतेम 1,700. त्यामुळे गोळी कडू आहे की गोड, याच्याशी बंडूला काही देणेघेणे नव्हते. त्याचा आक्षेप तत्त्वाचा होता. लोण्याचा गोळा तो आनंदाने घेई, डोळे अर्धवट मिटून तोंडात घोळवी, आणि आम्ही एकमेकांकडे समाधानाने पाहत असतानाच फरशीवर 'टक्' असा आवाज होई. उचलून पाहावे तर गोळीवर लोण्याचा कणही नसे. अर्धी मोडण्यासाठी तिच्या मधोमध असलेली रेघसुद्धा चाटूनपुसून स्वच्छ केलेली असे.

शेजारच्या एका हितचिंतकांनी चॉकलेटात लपवून पाहा असे सुचवले. चॉकलेटातल्या थिओब्रोमाइनचा कुत्र्याच्या शरीरात लवकर निचरा होत नाही आणि ते त्याला विषासारखे बाधते, हे समजल्यावर तेही थबकले आणि त्यांनी द्राक्षे सुचवली. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यानंतर त्यांनी आमच्या घरातल्या औषधोपचारात लक्ष घातले नाही.

मग तीन घासांची युक्ती आली. पहिला घास साधा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा साधा घास नाकासमोर धरायचा, म्हणजे त्याच्या हव्यासापायी कुत्रा दुसरा न चावताच गिळून टाकतो. युक्ती उत्तम आहे आणि बहुतेक कुत्र्यांवर चालते. बंडूवरही ती काही दिवस चालली. पुढे तो पहिला घास खाऊन दुसरा अलगद जमिनीवर ठेवू लागला आणि तिसऱ्याची वाट पाहत बसू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो समजूतदारपणा असे तो आमच्या घरात इतर कोणाच्याही चेहऱ्यावर मी पाहिलेला नाही.

शेवटी उरला तो बळाचा मार्ग. आई मागून बंडूला कवेत धरी, मी त्याचा वरचा जबडा उचलून गोळी जिभेच्या अगदी मुळाशी ठेवी, आणि बाबा सुरक्षित अंतरावरून "घाबरू नकोस, तो चावत नाही" असे सांगत. चावत नाही हे खरेच होते, परंतु प्रौढ कुत्र्याच्या तोंडात 42 दात असतात आणि आपला हात मनगटापर्यंत आत असताना ते सगळे एकदम दृष्टीस पडतात. त्यातच त्याच्या भुवयांची आतली टोके वर जात. डोळे असे केविलवाणे करणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला विकसित असतो आणि लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले आहे. माणसाच्या सहवासातच तो घडला असावा, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. तो कशासाठी घडला याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हते. आईची मिठी तेवढ्यानेच सैल होई.

तरीही तोंड मिटून धरायचे, गळ्यावरून हात फिरवायचा, नाकावर हळूच फुंकर मारायची, आणि त्याने जीभ बाहेर काढून नाक चाटले की गोळी गिळली असे समजायचे, हा पशुवैद्यांचा धडा आम्ही निष्ठेने गिरवत असू. आमचे दुर्दैव असे की धडा बंडूच्या उपस्थितीत शिकवला गेला होता. फुंकर मारायच्या आधीच तो नाक चाटू लागला. आम्ही त्याची पाठ थोपटायचो, तो सावकाश, कसलीही घाई नसल्याचे दाखवत सोफ्यामागे जायचा आणि थोड्या वेळाने हलक्या गालांनी परत यायचा.

एकदा बाबांना बुटात पाय घालताना गोळी सापडली. आईने बंडूला समोर बसवून "हे काय आहे?" असे विचारताच त्याने कान पाडले, मान वळवली आणि शेपटी पोटाखाली घेतली. "पाहा, कसा चोरासारखा बसलाय!" आई म्हणाली. बाबा मात्र त्याचे वकीलपत्र घेऊनच बसले होते. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली नेमका हाच प्रश्न तपासला होता, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. कुत्र्याने मना केलेला खाऊ खरोखर खाल्ला आहे की नाही याचा त्या अपराधी चेहऱ्याशी फारसा संबंध नसतो, मालक रागावला की तो चेहरा होतो, आणि काही न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा चेहरा तर जास्तच अपराधी दिसतो, असे त्यात आढळले होते. हे सगळे बाबांनी बूट हातात धरून सांगितले. बंडू सुटला. गोळी नव्याने द्यावी लागली.

सर्वांत वाईट परिणाम झाला तो आमच्या वागण्यावर. गोळी मुठीत असताना सहज वाटेल असे बोलायचे, कपाटाकडे जाताना दुसरेच काही शोधत असल्याचे भासवायचे, असे आम्ही सगळेच शिकलो. आई अशा वेळी निष्पापपणे गुणगुणायची. कालांतराने तिने नुसते गुणगुणायला सुरुवात केली तरी बंडू पलंगाखाली जाऊ लागला, आणि त्याच्या शेवटच्या वर्षात आमचे घर गाण्याच्या बाबतीत पूर्ण शांत होते. पशुवैद्य मात्र दर तपासणीला औषध छान लागू पडले आहे म्हणायचे, आणि आम्ही एकमेकांकडे बघायचे टाळायचो.

तो गेल्यावर कितीतरी दिवस त्या सोफ्याला हात लावायची कोणाचीच छाती झाली नाही. अखेर रंगकाम काढल्यामुळे तो हलवावाच लागला, तेव्हा भिंतीलगतच्या धुळीत बंडूच्या केसांच्या गुंताळ्यांमध्ये गोळ्या निघाल्या: जंताच्या, सांधेदुखीच्या, हृदयाच्या. आईने त्या एकेक वेचून ताटलीत ठेवल्या. मध्येच तिला रडू आले आणि लगेच हसूही आले. मग तिने त्यातली एक छोटी गुलाबी गोळी बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे नेली. तसल्या आणखीही चार-पाच होत्या, आणि त्या कुठूनही चाटलेल्या नव्हत्या. बंडूला गुलाबी गोळी कधीच नव्हती. रक्तदाबाची होती, पण ती त्याची नव्हे.

आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी मान वळवली.

"चेहऱ्यावरून काहीही सिद्ध होत नाही," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "2009 सालचे संशोधन आहे."