नुसता धक्का लागना

आमच्या खान्देशात लॅपटॉप कधी पडत नाही. "पडना नही भाऊ, नुसता धक्का लागना," एवढं म्हटल्याशिवाय कुणी पिशवीतून तो बाहेरच काढत नाही. झाकण उघडावं तर कोपऱ्यात दौत सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून वर गेलेल्या रंगीत रेघा. धक्का लागला हे खरंच असतं, फक्त तो जळगाव स्टँडच्या फरशीने दिलेला असतो.

अर्थात, यातले काही जण खरं बोलतात हे मला नाइलाजाने मान्य आहे. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन विसरून झाकण मिटलं की पॅनल, म्हणजे पडद्याची काचेची पाटी, न पडताही तडकतं.

डाग दिसला की निदान संपलं. आतली काच फुटून लिक्विड क्रिस्टल पसरलं, पडदा बदला. पण आपल्या लोकांना भरताचं वांगं भाजलं का ते दाबून बघायची सवय. तसाच अंगठा डागावर दाबतात. वांगं दाबल्यावर कळतं तरी, इथे डाग तेवढा वाढतो.

खरा घोळ डाग नसताना होतो. पडदा काळा किंवा लुकलुकतोय, आणि पुण्याचे जावई फोनवरून सांगतात, "फॉरमॅट मारा." अहो, विंडोज सुरू व्हायच्या आधी, कंपनीच्या लोगोवरच रेघा दिसतायत, तिथे फॉरमॅट काय करणार? त्यापेक्षा एचडीएमआय वायर घरच्या टीव्हीला लावा आणि कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर दोष बहुधा पॅनल, त्याला मुख्य बोर्डाशी जोडणारी केबल किंवा त्यांच्या जोडात. टीव्हीवरही त्याच रेघा असतील तर पॅनलवर पैसे घालू नका, दुखणं ग्राफिक्सचं, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाचं आहे. टीव्ही नसेल तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. पडद्यावर रेघा आणि स्क्रीनशॉटमध्ये नाहीत, म्हणजे संगणक बहुधा चित्र बरोबर काढतोय, दाखवणारा बिघडलाय.

पडदा पूर्ण काळा असेल तर खोलीत अंधार करून तिरका टॉर्च मारा. विहिरीच्या तळाशी दिसावं तसं अंधुक चित्र दिसलं तर फक्त बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेलाय. झाकण हळूहळू मागेपुढे करताना चित्र येत-जात असेल तर बिजागरीत पिळलेली केबल धरा. ती पॅनलपेक्षा बरीच स्वस्त पडते, म्हणून आधी तीच बघायची.

पॅनल मागवताना लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनल येतात. जुनं काढून पाठीवरच्या स्टिकरचा कोड वाचा. १५.६ इंची सगळी सारखीच दिसतात, पण कनेक्टर एकाचा ३० पिनांचा, दुसऱ्याचा ४० चा. रिझोल्युशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, आणि स्क्रू लावायच्या पट्ट्याही जुळायला हव्यात. चौकट उचकटायला स्क्रूड्रायव्हर नको, मुदत संपलेलं एटीएम कार्ड उत्तम. स्क्रू वाटीत ठेवा. मे महिन्यात कूलरखाली गेलेला स्क्रू थेट पावसाळ्यातच सापडतो.

आणि बॅटरी आधी सोडवा. पॉवर बटणाने बंद केला म्हणजे वीज गेली असं नाही. बॅटरी जोडलेली असताना कनेक्टर तिरका बसला तर बोर्डावरचा तिळाएवढा बॅकलाइट फ्यूज उडतो. मग नवं पॅनलही काळंच, आणि शिव्या विकणाऱ्याला.

चौकट बसवायच्या आधी पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाचही रंग पूर्ण पडद्यावर लावून बघा. नव्या पॅनलवरची फिल्म सोलल्यावर मेलेला पिक्सेल, म्हणजे रंग न बदलणारा ठिपका, सापडला तर दुकानदार परत घेईलच असं नाही. सगळं जुळलं की मालकाला कीबोर्डवर काही ठेवून झाकण न मिटण्याबद्दल दोन शब्द सुनवायचे आणि ऐटीत झाकण मिटायला जायचं. माझा स्क्रूड्रायव्हर नेमका तेव्हाच स्पेसबारवर आडवा पडलेला असतो.