गुरूची चीज घोटली तर तालीम, आणि फोटोत केलं तर कॉपी?

सकाळपासून डोकं फिरलंय. भाचीने एका स्पर्धेला फोटो पाठवला होता, कुठल्या ते सांगत नाही, सांगण्याइतकी मोठी नाहीच ती. दादरचा फुलबाजार, पहाटेची वेळ, ट्रायपॉड लावून लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो. सगळी गर्दी धुरासारखी वाहतेय आणि मधोमध एक मावशी शेवंतीच्या टोपलीला टेकून बसलीय, चेहरा एकदम शार्प, गजरा ओवणारे हात तेवढे पुसट. पोरगी चार पहाटा गेली होती यासाठी, बहिणीने मला फोन करून शिव्या घातल्यात, त्यामुळे चारच, पक्कं माहितीय. आणि परीक्षकाचा शेरा काय? "रघु राय यांची कॉपी. स्वतःचं काहीतरी आणा."

अरे बाबा!!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रघु राय म्हणजे आपल्याकडचा थोर फोटोग्राफर, त्याचा चर्चगेट स्टेशनचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, १९९५चा. लोकलची गर्दी वितळून गेल्यासारखी आणि त्यात पेपर वाचणारी काही माणसं जागच्या जागी स्थिर. मी तो पहिल्यांदा बघितला एका जुन्या मासिकात, रद्दीच्या दुकानात उभ्या उभ्या. तेव्हा माझ्याकडे बोरा बाजारातून घेतलेला सेकंडहँड कॅमेरा होता आणि ट्रायपॉडला पैसे नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर थेट चर्चगेट. हो, कॉपी करायलाच गेलो होतो, लाज कसली. डब्याच्या पिशवीवर कॅमेरा ठेवला, श्वास रोखला आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने अख्खा रोल संपवला. धुऊन आणला तर ३६ पैकी ३६ बाद. गर्दी हललेली, पेपरवाला हललेला, स्टेशनसुद्धा हललेलं. पिशवीत डबा होता हो, स्टीलचा गोल डबा, त्यावर कॅमेरा कुठे थांबतो!

पण त्या ३६ फुकट फोटोंनी मला जे शिकवलं ते कुठल्या वर्कशॉपने शिकवलं नाही. गाणं शिकणारा गुरूची चीज वर्षानुवर्षं घोटतो, तीच जागा, तीच हरकत, तर आपण कौतुकाने म्हणतो वा, काय तालीम आहे. आणि आमच्यात एखाद्याने थोरामोठ्याची फ्रेम गिरवली की लगेच चोर?

आणि मोठे तरी कुठे आकाशातून पडले? फ्रान्सचा जगप्रसिद्ध फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ, त्याला कॅमेऱ्याचं वेड लावलं ते हंगेरीच्या मुंकाचीच्या एका फोटोने, लाटांमध्ये पळत शिरणारी तीन पोरं, पाठमोरी. त्याच ब्रेसाँने १९७१ला पॅरिसमध्ये रघु रायचं काम बघितलं आणि पुढे मॅग्नम या फोटोग्राफरांच्या नामांकित संस्थेसाठी त्याचं नाव सुचवलं. म्हणजे हंगेरियन माणसाने आफ्रिकेत काढलेल्या फोटोचा धागा फ्रान्समार्गे आपल्याकडे आला, तो दादरच्या फुलबाजारात एका पोरीपर्यंत पोचला तर तुमचं काय बिघडलं हो परीक्षक साहेब? आणि भोपाळची वायुदुर्घटना आठवा. १९८४, मातीत पुरलं जाणारं ते लहान बाळ. रघु रायने काढलं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, पाब्लो बार्थोलोम्यूने काढलं रंगीत. तेच बाळ, तीच माती. सांगा, कॉपी कुणी कुणाची केली?

बरं, चोरी होते, मान्य. गेल्या वर्षी एकाने माझीच फ्रेम उचलून आपल्या नावावर टाकली होती, तेव्हा मीही बोंबललो होतो. ते वेगळं. आणि दुसरी जमात म्हणजे "सर सेटिंग काय होतं?" विचारणारे. शटर विचारतात, लेन्स विचारतात, पण किती वेळ उभा होतास हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मी चर्चगेटला तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मला ते कळलं. पेपर वाचणारा माणूस शार्प का येतो? तो खरंच वाचत असतो म्हणून. कॅमेरा दिसला की माणूस चुळबुळ करतो, केस सारखे करतो, झाला हललेला. त्यामुळे आधी तासभर नुसतं बसायचं, आपण दिसेनासे होईपर्यंत. त्या दिवशी एकच फोटो आला, पेपरवाल्याचा नव्हेच, बूटपॉलिशवाल्याचा. पेटीवर कोपर टेकून इंडिकेटरकडे बघत बसलेला, आणि त्याच्याभोवती शेकडो बुटांची नुसती रेघ. तो आजही माझ्या भिंतीवर आहे. निघालो होतो रघु राय काढायला आणि घेऊन आलो हा.

हे सगळं टाइप करताना मध्येच भाचीचा फोन आला. म्हटलं घाबरू नकोस, मामा लिहितोय, रघु रायची प्रेरणा घेणं हा गुन्हा नाही. तर म्हणते कशी, "मामा, कुठला फोटो? मी बघितलाच नाहीये तो."

म्हणजे?

म्हणजे परीक्षक चुकला ते चुकलाच, पण इथे मी पाऊण तास घराणं-परंपरा करत बसलोय आणि बाईसाहेबांनी मूळ फोटो बघितलेलाच नाही! म्हणे एका रीलमध्ये गर्दी पुसट करायची ट्रिक बघितली होती. आता मला परीक्षकापेक्षा हिचाच राग यायला लागलाय. चर्चगेटहून रोज लोकल पकडतेस ना गं तू?? चार पहाटा थंडीत उभी राहिलीस आणि चार मिनिटं पुस्तक उघडून बघवलं नाही?

जाऊ दे. न बघता तिथपर्यंत पोचली म्हणजे पोरीच्या नजरेत काहीतरी आहे, हे तिला आत्ताच सांगणार नाही, डोक्यावर बसेल. पोस्ट तशीच ठेवतोय, वर काही बदलत नाही.

ताई, ही पोस्ट वाचतेयस हे माहितीय मला. रविवारी पुस्तकं घेऊन येतोय, जड आहेत, तिला खाली पाठव. आणि पोहे कर.