सॅटेलाइट कंपास, लॅपटॉप आणि १२ अंशांचा फरक

नमस्कार साहेब. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार अशी, की पाण्याची खोली मोजणाऱ्या तुमच्या सर्व्हे बोटीवरचा सॅटेलाइट कंपास (उपग्रहांच्या सिग्नलवरून दिशा काढणारा) डिस्प्लेवर हेडिंग, म्हणजे बोटीचं तोंड कुठे आहे ते, दाखवतो पण लॅपटॉपवर डेटा येत नव्हता, वर वेगळ्या कन्व्हर्टरचे पैसे लागले, आणि शेवटी हेडिंग आलं तेही १२ अंश चुकीचं. त्यापेक्षा साधा जीपीएस परवडला असता, असंही तुम्ही म्हणता.

कन्व्हर्टर कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत होता. तुमच्या कंपासमधून एनएमईए ०१८३ (बोटीवरच्या उपकरणांची डेटा पाठवायची ठरलेली पद्धत) ची सिरीयल लाइन निघते आणि लॅपटॉपला हवी लॅन, म्हणजे नेटवर्कची केबल, त्यामुळे मधे तो लागतोच.

डेटा थांबला तो तुम्ही लॅपटॉप बदलल्यावर. कन्व्हर्टरला पिंग लागतो, म्हणजे लॅपटॉपने हाक मारली की तो उत्तर देतो, असं ऑपरेटरने फोनवर सांगितलं, म्हणजे केबल आणि आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दोन्ही ठीक. नव्या विंडोजने बोटीवरचं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं होतं आणि त्याचा फायरवॉल यूडीपी, म्हणजे कन्व्हर्टर ज्या पद्धतीने आकडे पाठवतो ती, अडवत होता. परवानगी देताच आकडे सुरू झाले.

१२ अंशांचं मात्र मनाला लागलं, कारण कंपास घेतला तोच हेडिंगसाठी. कन्व्हर्टर आकडा बदलत नाही, आला तसा पुढे देतो. चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातलाही हा फरक नव्हे. कोकण किनाऱ्यावर तो एक अंशाच्याही आत आहे. आम्ही बसवलं तेव्हाच्या फोटोत कंपासचा ब्रॅकेट बोटीच्या मध्यरेषेला समांतर आहे. रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेल्या फोटोत तोच ब्रॅकेट सर्चलाइटला जागा करायला सरकवून तिरका वेल्ड केलेला दिसतो. आतल्या दोन अँटेनांची रेषा जिकडे, तिकडेच बोटीचं तोंड असं कंपास धरून चालतो. ट्रान्सड्यूसर (ध्वनीने खोली मोजणारा सेन्सर) अँटेनापासून ५ मीटरवर असेल तर एवढ्या फरकाने खोलीचा प्रत्येक बिंदू जवळपास १ मीटर बाजूला पडतो. म्हणून कळकळीने सांगतो, ब्रॅकेट हलवल्यानंतर मारलेल्या सर्व्हे लाइन्सचा डेटा तसाच क्लायंटला देऊ नका. कच्चा डेटा जपून ठेवला असेल तर फरक मोजून तो पुन्हा प्रोसेस करता येईल.

साध्या जीपीएसने हे काम झालंच नसतं. तो बोट कुठे सरकते ते सांगतो, तोंड कुठे आहे ते नाही. खाडीत भरतीचं पाणी आडवं लागलं की या दोन दिशा वेगळ्या होतात, आणि बोट उभी असली की जीपीएसची दिशा नुसती भटकत राहते.

बोट जेट्टीला लावा, आम्ही येतो. व्हिजिटचे पैसे घेणार नाही. मध्यरेषेवरचे दोन बिंदू आरटीकेने (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) मोजून बोटीची खरी दिशा काढू आणि कंपासशी ताडून पाहू. ब्रॅकेट सरळ करून घेणं उत्तम. तो तसाच ठेवायचा असेल तर ऑफसेट, म्हणजे मोजलेला फरक, कंपासमध्ये भरू, पण मग सर्व्हे सॉफ्टवेअरमधला हेडिंग ऑफसेट शून्यच ठेवा. दोन्हीकडे भरला तर दुरुस्ती दुप्पट होईल.