पिशवीच्या दुधातलं व्हिटॅमिन डी आणि तो व्हायरल मेसेज

"पिशवीच्या दुधात केमिकल व्हिटॅमिन डी मिसळतात, त्याने मुलांच्या किडन्या जातायत, ते मेंढीच्या लोकरीपासून बनतं, आपल्याकडे ऊन फुकट आहे तेव्हा हा सगळा कंपन्यांचा धंदा, आजपासून पिशवी बंद करा." हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे फिरतोय. तर एकेक मुद्दा घेऊ.

आधी किडनी, कारण लोक घाबरलेत ते त्यालाच. डी अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो, हे खरंय. पण अती म्हणजे किती? एफएसएसएआय म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमात लिटरभर फोर्टिफाइड (म्हणजे वरून व्हिटॅमिन घातलेल्या) दुधात डी ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० युनिट. ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी रोजची वरची मर्यादा ३००० युनिट धरतात. म्हणजे नुसत्या दुधातून तिथे पोचायचं तर पोराला रोज १० लिटर पाजावं लागेल, आणि इथे एक कप संपवताना घरात महाभारत होतं!

भ्यायचंच असेल तर औषध म्हणून मिळणाऱ्या डी च्या त्या ६०,००० युनिटच्या पुडीला भ्या. एका पुडीत २०० लिटर दुधाइतकं डी. डॉक्टर ती आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच सांगतात आणि घरी मात्र कोर्स संपला तरी "हाडं मजबूत होतात" म्हणून चालूच ठेवतात. बाळांच्या डी ड्रॉप्सचंही तेच, एका बाटलीत १ मिलीला ४०० युनिट असतात तर दुसरीत ८००, त्यामुळे ब्रँड बदलला की लेबल बघा.

हां, फोर्टिफिकेशनमध्ये गडबड झालेली आहे, लपवायचं कशाला. ब्रिटनमध्ये युद्धानंतर बाळांच्या दूध पावडरीत डी, सीरियलमध्ये डी, वर कॉड लिव्हर ऑइल, असं सगळीकडूनच जात होतं. १९५० च्या दशकात काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेलं सापडलं आणि मग १९५७ मध्ये प्रमाण खाली आणलं. म्हणून तर नियमात कमाल आकडा लागतो, आणि आपल्याकडे तो आहे.

"ऊन फुकट आहे." आहे ना, पण पोरं उन्हात कुठे आहेत? सकाळी सातला व्हॅन, दिवसभर वर्ग, संध्याकाळी ट्यूशन. आणि ते सकाळचं कोवळं ऊन, ज्याचं एवढं कौतुक होतं, त्यात त्वचेत डी बनवणारे यूव्हीबी किरण फारच कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा लहान पडते तेव्हाचं ऊन कामाचं. बंद खिडकीच्या काचेतून आलेलं तर जवळपास निरुपयोगी. त्यात सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो, शहरात धूर वेगळाच. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्व्हेत १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ च्या १८ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांत डी कमी निघालं, ते याच भरपूर उन्हाच्या देशात. मुलांना बाहेर सोडाच, पण "ऊन आहे म्हणजे झालं" हे काही खरं नाही.

लोकरीचं अर्धं खरं. डी३ बऱ्याचदा लोकरीतल्या मेणापासून करतात (मेंढी मारत नाहीत, लोकर कातरतात). पण आपल्या नियमात दुधात घालायचं डी वनस्पती स्रोताचंच असायला हवं, म्हणजे शाकाहाऱ्यांनी निवांत राहावं.

केमिकलवर काय बोलणार. मिठात आयोडीन घालतो, वनस्पती तुपात व्हिटॅमिन ए १९५३ पासून घालतायत, तेव्हा कोणी ग्रुप पेटवले नव्हते.

धंद्याबद्दल मात्र थोडं पटतं. दुधात डी घालायला लिटरमागे काही पैसेच लागतात, त्यात मोठी कमाई नाही. पण साखर भरलेल्या चॉकलेटी पावडरी "व्हिटॅमिन डी युक्त" म्हणून विकतात ना, तिथे खुशाल ओरडा, मी पण येतो.

खरी तक्रार हवी असेल तर वेगळीच आहे, डोस फार छोटा आहे! मुलाला दिवसाला ६०० युनिट लागतात आणि २०० मिली फोर्टिफाइड दुधातून मिळतात ४० ते ६०. दिल्लीत १० ते १४ वर्षांच्या शाळकरी मुलांना १२ आठवडे रोज तेवढंच दूध देऊन बघितलं, पण त्यात ६०० किंवा १००० युनिट घालून, तेव्हा कुठे रक्तातली डी ची लेव्हल नीट वर गेली. आणि नुसत्या डी ने हाडं होत नाहीत, सोबत कॅल्शियम लागतं. पुण्यात गरीब वस्तीतल्या २-३ वर्षांच्या पोरांना जास्त कॅल्शियमचे लाडू आणि सोबत डी असं देऊन पाहिलं होतं, त्यांच्या हाडांत खनिजं जास्त भरली. नाचणी-तिळाच्या लाडवाला आजी उगाच नाही चिकटून बसत.

पिशवी बंद करून सुटं दूध घेतलंत तर ते ४०-६० युनिटही गेले. तेलाचंही बघा, फोर्टिफाइड तेलात ग्रॅमला साधारण ४.४ ते ६.४ युनिट असतात, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम तेल पोटात गेलं तर (तळताना थोडं उडतं ते सोडून) कपभर दुधापेक्षा जास्तच डी मिळतं. सुट्या तेलात त्याची काही खात्री नाही. फोर्टिफाइड दुधाच्या आणि तेलाच्या पाकिटावर '+एफ' चा शिक्का असतो, घेताना तेवढा शोधा.