पंतप्रधान बदलताना बीपी कसं सांभाळावं

(इंग्लंडातल्या समस्त मराठी बांधवांसाठी. २२ ऑक्टोबर २०२२, रात्री उशिरा, चकलीचा शेवटचा घाणा उतरवून)

लिझबाई ट्रस गेल्या. पंतप्रधान होऊन ४५ व्या दिवशी राजीनामा. आईने मे महिन्यात बांधून दिलेलं लोणचं आमच्याकडे अजून अर्धी बरणी आहे. आता पुढचा कोण येतोय या काळजीने तुमचीही झोप उडाली असेल तर घाबरू नका, मी गेला महिनाभर झोपलेलो नाहीये, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

सगळ्यात आधी, बातम्या बंद. त्यापेक्षा भाजी बघा. एका टॅब्लॉइडने ६० पेन्सचा लेट्यूसचा गड्डा विग घालून कॅमेऱ्यापुढे ठेवला होता, आधी गड्डा सडतो की बाई जातात म्हणून. गड्डा जिंकला. मन कसं प्रसन्न होतं.

मग, जे कोणी येईल त्याच्याकडे सकारात्मक नजरेने बघायला शिका. आधीचे पंतप्रधान बोरिसभाऊ जॉन्सन कॅरिबियनची सुट्टी अर्धी टाकून आज सकाळी गॅटविकला उतरले. जुलैमध्ये ज्यांच्या हाताखालच्या पन्नासहून जास्त मंत्री-संत्र्यांनी दोन-तीन दिवसांत राजीनामे फेकले तेच हे, मांडवातून हाकललेला नवरदेव बूट विसरले म्हणून परत आलाय इतकंच समजा. मंत्री पेनीताई मॉर्डन्ट आहेत, गेल्या सोमवारीच सभागृहात त्यांनी सांगितलं की पंतप्रधान टेबलाखाली लपलेल्या नाहीत. विश्वास ठेवा.

राहिला ऋषी सुनक. तर आत्याला समजावत बसू नका. माझ्या आत्याने सुधा मूर्तींची मराठीत आलेली सगळी पुस्तकं वाचलीयत, त्यामुळे त्यांचा जावई म्हणजे तिच्या हिशोबात घरचाच, आणि "सोमवारी लक्ष्मीपूजनालाच गोड बातमी येणार बघ" असं दोनदा फोन करून सांगून झालंय. कोहिनूरचं पण विचारत होती.

दीर्घ श्वास घ्या.

आणि मॉर्गेजचा, म्हणजे घराच्या कर्जाचा, विचार मनात आणू नका. अजिबात. नाकाने श्वास आत, चार आकडे मोजा, सोडा. माझा १.६ टक्क्यांचा दोन वर्षांचा फिक्स रेट नोव्हेंबरमध्ये संपतोय. २२ सप्टेंबरला, गुरुवारी, ब्रोकरचा फोन, ३.९ मिळतोय, घेऊन टाका. मी म्हटलं वीकेंडला घरात बोलतो, सोमवारी करू सही. (बायको अजून हे वाक्य विसरलेली नाही.) शुक्रवारी अर्थमंत्री क्वार्टेंगसाहेबांनी मिनी-बजेट काढलं, ४५ अब्ज पौंडांची करकपात, पैसे कुठून आणणार तेवढं सांगायचं राहिलं, सोमवारी पौंड १.०४ डॉलरच्याही खाली, बुधवारी पेन्शन फंड बुडू नयेत म्हणून बँक ऑफ इंग्लंड ६५ अब्जांपर्यंतचे रोखे विकत घ्यायला तयार, आणि माझी ३.९ ची ऑफर? सोमवारी दुपारीच मागे घेतली. कालचा रेट ६.१. हप्ता ९७० वरून १,५०५. म्हणजे महिन्याला ५३५ पौंड जास्त, कशाचे तर एका बाईंना प्रयोग करून बघायचा होता त्याचे! बरं, ज्यांनी हे बजेट मांडलं ते गेले, त्यांच्या जागी आलेल्या हंटसाहेबांनी गेल्या सोमवारी जवळजवळ सगळं पुसून टाकलं, पण माझा रेट कोणी पुसला का? आणि आता बाईंना माजी पंतप्रधान म्हणून ऑफिसखर्चाला वर्षाला १,१५,००० पौंडांपर्यंत मागता येणार. ४५ दिवसांच्या नोकरीवर. माझं प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं राव.

आणि यांना निवडलं कोणी? कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे १ लाख ७२ हजार सदस्य, त्यातले ८१,३२६. पावणेसात कोटींच्या देशात. या वेळी तर शंभर खासदार पाठीशी उभे करणारा एकच निघाला की सदस्यांना पण विचारायचं कारण नाही.

चहा प्या. पण किटली पूर्ण भरू नका, विजेचं बिल बघितलंय ना.

आता खरं सांगू? बास झाली मस्करी. आज दुपारी फराळ करायला आम्ही तीसेक मराठी माणसं जमलो होतो आणि दोन तास बोरिस की ऋषी, बोरिस की ऋषी. शेवटी मी विचारलं, मतदार यादीत नाव कोणाकोणाचं आहे? चार हात वर. एक सद्गृहस्थ, अकरा वर्षं इथे, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) झालेला, मला म्हणतो, आपला पासपोर्ट भारतीय, आपल्याला कुठे मत असतं. अरे असतं! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, इथे कायदेशीर राहताय ना, मग पार्लमेंटच्या निवडणुकीत सुद्धा मत असतं, वर्क व्हिसावर असलात तरी. अकरा वर्षं! तीन सार्वत्रिक निवडणुका आणि अख्खं ब्रेक्झिट हा माणूस सोफ्यावर बसून बघत होता. मतदार यादीसाठी घरात कोण कोण राहतं विचारणारं कौन्सिलचं पत्र दरवर्षी येतं, ते तुम्ही लोक पिझ्झाच्या पत्रकांसोबत फेकून देता आणि वर लोकशाहीबद्दल हळहळता, लाज वाटली पाहिजे. ऑनलाइन पाच मिनिटं लागतात, नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकायचा, संपलं. सोऱ्या धुवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

निघताना तोच माणूस मला म्हणतो, तुझा ब्रोकर बरा दिसतोय रे, नंबर पाठव ना.

नाही पाठवला.