हुंगू दे, पण तंगडी कुठे वर करायची ते आपण ठरवूया

काल संध्याकाळी एका माणसाने आपल्या कुत्र्याच्या पट्ट्याला असा हिसका दिला की माझाच जीव कळवळला. कुत्रा बिचारा एका खांबाला नाक लावून उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. वीस पावलांवर त्याच कुत्र्याने कुणाच्या तरी फाटकावर तंगडी वर केली, तेव्हा मालक फोनमध्ये बघत होते. जे करू द्यायला हवं ते अडवलं आणि जे अडवायला हवं ते होऊ दिलं. कुत्रा पाळणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण रोज हेच करतात. मीही करायचो.

आमच्या फिरण्याच्या वाटेवर एका आजींनी दाराबाहेर कुंडीत एक झाड लावलं होतं. माझा कुत्रा काळू रोज तिथे थांबायचा. मला वाटायचं, चार थेंबांनी काय होतंय? एके दिवशी आजी बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला कुत्र्यांचा राग नाही. पण माझं झाड गेलं." लघवीतला युरिया आणि क्षार एकाच जागी रोज पडत राहिले की मुळं करपतात. आणि एका कुत्र्याने खूण केली की पुढचा कुत्रा त्यावर आपली करतो, म्हणजे चार थेंबांवर गोष्ट थांबत नाही. त्या दिवशी मी माफी मागितली, पण नुसत्या माफीने ते झाड परत येणार नव्हतं.

तेव्हापासून मी काळूकडे नीट बघायला लागलो. फिरायला निघाल्यावर पहिल्यांदा तो करतो ती खरी शू. मोठी धार, मूत्राशय रिकामं. त्यानंतर कोपऱ्याकोपऱ्यावर सोडतो ते थेंब म्हणजे निरोप. कोण येऊन गेलं, नर की मादी, मादी माजावर आहे का, हे सगळं कुत्र्यांना त्या वासातून कळतं. मार्क बेकॉफ या संशोधकाने आपल्या जेथ्रो नावाच्या कुत्र्याबरोबर एक साधा प्रयोग केला होता. लघवीने पिवळा झालेला बर्फ उचलून तो दुसरीकडे ठेवायचा आणि जेथ्रो काय करतो ते बघायचा. जेथ्रो स्वतःच्या लघवीपाशी कमी वेळ थांबायचा, इतर कुत्र्यांच्या लघवीपाशी जास्त. 2001 साली हे प्रसिद्ध झालं. मला ते वाचून फार बरं वाटलं, कारण काळू खांबापाशी वेळ घालवत नव्हता, तो वाचत होता. आणि हे फक्त नरच करतात असंही नाही, माद्याही खुणा करतात.

म्हणून माझं ठाम मत आहे: हुंगणं हा कुत्र्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याच्या दारावर शू करणं हा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

मी काय करतो ते सांगतो. घरातून निघाल्यावर आधी एका ठरलेल्या मोकळ्या जागी थांबतो आणि त्याची खरी शू होईपर्यंत पुढे जात नाही. झाली की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ, लगेच, दोन-चार सेकंदांनी नव्हे. फाटकं, कुंड्या, गाड्यांची चाकं आली की पट्टा आखूड धरतो आणि चालतच राहतो. मोकळ्या जागी पट्टा सैल सोडून "हुंग" म्हणतो, मग हवा तेवढा वेळ त्याचा. तंगडी वर करण्याआधी अंग वळतं, वजन एका बाजूला जातं. तो क्षण ओळखायला शिका. त्याच वेळी आनंदाने "चल" म्हणून पुढे निघायचं. एकदा धार सुरू झाली की ओढू नका, ओरडूही नका. ओरडा खाल्लेला कुत्रा एवढंच शिकतो की माणसासमोर शू करायची नाही, आणि मग घरात सोफ्याच्या मागे जाऊन करतो. पाण्याची बाटली बरोबर असतेच, चूक झाली तर लगेच भरपूर पाणी ओततो. काळूला हे अंगवळणी पडायला दोन-अडीच महिने लागले.

नसबंदीने हे थांबतं का, असं खूप जण विचारतात. बऱ्याच नरांमध्ये मार्किंग, म्हणजे असे थेंब सोडून खुणा करणं, कमी होतं, सगळ्यांमध्ये नाही, आणि जुनी सवय राहू शकते. व्हेटशी बोलून ठरवा, पण फक्त नसबंदीच्या भरवशावर राहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेहमीपेक्षा जास्त वेळा शू, जोर लावावा लागणं, रक्त, एकदम वाढलेली तहान, घरात अचानक होणारी शू, हे मार्किंग समजू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मधुमेह, काहीही असू शकतं. आणि कुत्रा जोर लावतोय पण थेंबही येत नाही, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

गेल्या वर्षी काळू दर दहा पावलांवर तंगडी वर करायला लागला. मला वाटलं, जुनी सवय परत आली. संसर्ग होता. ते कळायला मला चार दिवस लागले, आणि ते चारही दिवस मी त्याला "चल, चल" म्हणत पुढे नेत होतो.