गीझरचा आवाज, गळती आणि व्हिजिट चार्ज याबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय मी त्या दिवशीच्या जॉब कार्डाशी ताडून वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की गीझरमधून विचित्र आवाज येतो म्हणून आपण आम्हाला बोलावले. तंत्रज्ञाने कॉइल साफ करून पैसे घेतले, तरी पंधरवड्यात आवाज परत आला. त्याने हात लावल्यापासून गीझर गळू लागला. आणि उरलेला आवाज गीझरचा नाहीच, असे सांगून त्याने व्हिजिट चार्ज मात्र वसूल केला. यांपैकी गळतीचा मुद्दा आपल्या कुटुंबाच्या सुरक्षिततेचा असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो.

आपल्या २५ लिटरच्या गीझरला थंड पाण्याच्या जोडणीवर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि त्याच्या बाजूला एक बारीक तोंड आहे. त्यातून थेंब पडतात म्हणून आमच्या भेटीपूर्वीच कोणीतरी ते बूच मारून बंद केले होते. पाणी तापले की फुगते. २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवले, तर २५ लिटरमागे साधारण ३५० मिलिलिटर वाढ होते. व्हॉल्व्हमधील एकमार्गी झडप हे वाढलेले पाणी मागे पाइपात जाऊ देत नाही, म्हणून ते त्या बारीक तोंडातून बाहेर पडावे, अशीच त्याची रचना असते. तोंड बंद केले की गीझर लावल्यावर दर वेळी तो ताण टाकीवर पडतो, आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइलची वीज तोडणारा भाग) व कटआउट (पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास वीज तोडणारा सुरक्षा-भाग) दोन्ही एकाच वेळी निकामी झाले, तर दाब मोकळा व्हायला वाटच उरत नाही. अशा स्थितीत टाकी फुटून माणसे जखमी होऊ शकतात. तंत्रज्ञाने बूच काढले आणि ते पुन्हा बसवण्याची आपली विनंती नाकारली. त्याचा हा निर्णय मला पूर्णपणे मान्य आहे आणि माझ्या प्रत्येक माणसाने हेच करावे, अशी माझी सक्त सूचना आहे. पाणी तापत असताना पडणारे थेंब आणि त्यासोबतचा हलका ‘सूं’ आवाज हा दोष नाही. त्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीच्या जाळीपर्यंत नेली, की भिंत ओली होत नाही. गीझर बंद आणि पाणी थंड असतानाही धार लागली, तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे, असे समजून आम्हाला लगेच कळवावे.

आता आवाजाविषयी. जॉब कार्डावर एक नव्हे, दोन आवाज नोंदलेले आहेत. पहिला, गीझर लावल्यावर थोड्या वेळाने सुरू होणारा खदखदीचा. वाघोली परिसरातील अनेक सोसायट्यांप्रमाणे आपल्याकडेही बोअरवेल आणि टँकरचे पाणी येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या एकूण कठीणतेची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि आपल्या नळाच्या पाण्याची चाचणी त्याहून बरीच जास्त आली. असे पाणी तापले की त्यातील क्षार कॉइलवर थर धरतात, त्या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेचे बुडबुडे आजूबाजूच्या थंड पाण्यात फुटताना खदखद ऐकू येते. कॉइल साफ केल्यावर हा आवाज थांबला, आणि तशी नोंद करून आपण सही केली आहे.

दुसरा आवाज भिंतीत धाडकन धक्का बसल्यासारखा येतो. तो कोठून येतो, हे ठरवण्यासाठी तंत्रज्ञाने गीझरचा मेन स्विच आणि इनलेटचा कॉक दोन्ही बंद करून वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरायला लावले. मशीनने पाणी घेणे थांबवताच तोच धक्का पुन्हा ऐकू आला. गीझर पूर्ण बंद असताना येणारा आवाज गीझरचा असू शकत नाही. मशीनचा व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो, पंपाच्या दाबाने वेगात येणारे पाणी एकदम अडते आणि त्याचा तडाखा पाइपला बसतो. पाइपचे क्लॅम्प ढिले असतील, तर पाइप भिंतीवर आदळतो. आपण लिहिलेला, पंधरवड्याने ‘परत आलेला’ आवाज कपडे धुताना येतो, असे आपण स्वतः फोनवर सांगितले होते, म्हणजे तो हा दुसरा आवाज आहे.

अन्य एका कारागिराने आपल्याला नवीन गीझर घेण्याचा सल्ला दिला, असेही आपण लिहिले आहे. कृपया त्यावर खर्च करू नये, कारण गीझर बदलला तरी हे धक्के येतच राहतील. आधी मशीनच्या मागचा अँगल कॉक अर्धा बंद करून पाहावा. धक्का मंदावला, तर कारण निश्चित झाले. त्यानंतर पंपाचा दाब कमी करणे, दिसणारे क्लॅम्प आवळणे आणि गरज पडल्यास मशीनजवळ वॉटर हॅमर अरेस्टर (पाण्याचा असा तडाखा शोषून घेणारा छोटा भाग) बसवणे, याच क्रमाने जावे. टाइल्स फोडण्याची वेळ सहसा येत नाही.

व्हिजिट चार्ज परत करता येणार नाही. कारण शोधणे हे आमच्या कामातील सर्वांत कठीण आणि वेळखाऊ काम आहे. त्याचे मोल न घेणारा माणूस ते पैसे सुटे भाग विकून भरून काढतो, आणि ती पद्धत मला ग्राहकावर अन्याय करणारी वाटते. मात्र दुसऱ्या आवाजाचे काम अर्धवट राहू नये, अशी माझीही मनापासून इच्छा आहे. आपण ज्या दिवशी सकाळी मशीन लावणार असाल, त्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या क्रमांकावर वेळ कळवावी. त्या भेटीचे शुल्क घेतले जाणार नाही, मी स्वतः येऊन पंपाचा दाब मोजेन आणि अरेस्टर लागणारच असेल, तर त्याची किंमत आधी लेखी देऊन आपल्या संमतीनंतरच तो बसवेन.